मॉनिटरच्या खोक्यावर कामाचे आकडे छापावेत

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळीच्या तोंडावर वृत्तपत्रांची पाने आणि खरेदीची संकेतस्थळे संगणकाच्या मॉनिटरच्या जाहिरातींनी भरून जातात. त्यांतल्या बऱ्याचशा जाहिराती दहा ते पंधरा हजार रुपये खर्च करू शकणाऱ्या ग्राहकासाठी असतात आणि त्यांत ठळक अक्षरांत छापायचे आकडे जवळजवळ ठरलेले आहेत : ‘१ मिलिसेकंद’, ‘१ कोटीस १ काँट्रास्ट’, ‘१ कोटी ६७ लाख रंग’, ‘एचडीआर’ आणि अलीकडे ‘१०० हर्ट्‌झ’. यांतला एकेक आकडा सरळसरळ खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ज्याला एकाच मॉनिटरवर रात्री चित्रपट पाहायचे आहेत आणि सुटीच्या दिवशी गेम खेळायचे आहेत, त्याला निवड करताना ज्या चार-पाच गोष्टी कळायलाच हव्यात, त्या या आकड्यांत नसतात. त्या खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत असतात किंवा मुळात नसतातच. नात्यागोत्यात आणि आमच्या सोसायटीत संगणकाची खरेदी निघाली की विचारणा माझ्याकडे येते, त्यामुळे हा घोळ मला जवळून पाहायला मिळतो. विक्रीच्या व्यवसायाशी माझा काही संबंध नाही, हे आधीच नमूद करतो.

चित्रपटापासून सुरुवात करतो, कारण स्वस्त मॉनिटर सर्वांत आधी तिथेच उघडा पडतो. आजच्या बहुतेक मॉनिटरचा पडदा १६:९ या प्रमाणाचा असतो, पण चित्रपटगृहांसाठी काढलेले अनेक चित्रपट २.३९:१ इतके रुंद असतात. असा चित्रपट १९२० × १०८० पिक्सेलच्या पडद्यावर लावला की चित्राच्या वाट्याला सुमारे ८०३ ओळी येतात आणि उरलेल्या २७७ ओळी वर आणि खाली काळ्या पट्ट्या म्हणून राहतात. म्हणजे पडद्याचा चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग चित्रपट संपेपर्यंत नुसता काळा रंग दाखवत असतो. खोलीतले दिवे मालवले की या पट्ट्या खरोखर काळ्या आहेत की ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीसारख्या करड्या, हे पहिल्या पाच मिनिटांत कळते. एलसीडी पडद्यामागचा दिवा सतत जळत असतो आणि त्याच्या पुढचे द्रवस्फटिक तो प्रकाश हवा तिथे अडवतात. पण तो पुरता अडत नाही, थोडा झिरपतोच. किती झिरपतो हे स्थिर काँट्रास्टच्या, म्हणजे पांढरा रंग काळ्याच्या किती पट उजळ आहे त्याच्या, आकड्यावरून समजते. आयपीएस प्रकारच्या स्वस्त पॅनेलमध्ये (पॅनेल म्हणजे द्रवस्फटिकांचा मूळ पडदा, स्फटिकांच्या रचनेवरून त्याचे प्रकार पडतात) हे प्रमाण साधारण १००० ला १ असते, तर व्हीए प्रकारच्या पॅनेलमध्ये ते ३००० ला १ च्या आसपास जाते. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून पांढऱ्याची प्रखरता १२० निट्सवर (निट हे पडद्याच्या प्रखरतेचे एकक) आणली, तर आयपीएसवरचा काळा रंग ०.१२ निट्स इतका उजळ राहतो आणि व्हीएवरचा ०.०४ निट्स. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण अंधाऱ्या खोलीत तो लपत नाही. विशेषतः आयपीएस पडद्याच्या कोपऱ्यांत जी फिकट झाक दिसते ती रात्रीच्या दृश्यांचा रसभंग करते.

जाहिरातीतला ‘१ कोटीस १’ हा आकडा या स्थिर काँट्रास्टचा नसतो, गतिमान काँट्रास्टचा असतो. पूर्ण पांढरे चित्र मागचा दिवा सर्वांत प्रखर करून मोजायचे, पूर्ण काळे चित्र तोच दिवा जवळजवळ विझवून मोजायचे आणि दोहोंचा भागाकार छापायचा, अशी ती रीत आहे. एकाच दृश्यात अंधारी गल्ली आणि तिच्या टोकाशी जळणारा दिवा असे दोन्ही असतात, तेव्हा या भागाकाराचा काडीचा उपयोग होत नाही. तरीही खोक्यावर तोच मोठ्या टायपात असतो आणि खरा आकडा शोधायला कंपनीच्या संकेतस्थळावर तपशिलाच्या पानापर्यंत जावे लागते.

मग सर्वांनी व्हीए पॅनेलच घ्यावे का? तसे नाही. व्हीए पडद्याकडे बाजूने पाहिले की गडद रंग फिके पडतात, त्यामुळे एकट्याने समोर बसून पाहणाऱ्याला तो चांगला, पण खाटेवर, खुर्चीत आणि खाली सतरंजीवर मिळून चौघे जण पाहणार असतील, तर कडेला बसलेल्यांना आयपीएसच बरा. दुसरी अडचण गेमची आहे. काळ्याकडून गडद करड्याकडे जायला व्हीएच्या स्फटिकांना वेळ लागतो. अंधाऱ्या बोळातून पळताना वळलात की भिंतीच्या कडेमागे काळसर ओघळ ओढला गेल्यासारखा दिसतो. महागड्या व्हीए पडद्यांवर हा दोष बराच कमी केलेला असतो, पण आपण ज्या किमतीबद्दल बोलतो आहोत तिथे तो हमखास भेटतो. उजेडातले क्रिकेट, फुटबॉल किंवा मोटारींच्या शर्यतीचे गेम खेळणाऱ्याला तो फारसा जाणवणार नाही. अंधारात शत्रू शोधायचा असेल, तर जाणवेल. टीएन हा तिसरा प्रकार. त्याचा वेग चांगला, पण मान थोडी वर-खाली केली की रंग उलटल्यासारखे दिसतात. चित्रपटासाठी तो कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खोक्यावर पॅनेलचा प्रकार लिहिलेलाच नसेल आणि दुकानदारही गोलमोल उत्तर देत असेल, तर ते टीएन असण्याची शक्यता धरून चालावे.

आता त्या प्रसिद्ध ‘१ मिलिसेकंदा’कडे येतो. या एका आकड्यामागे दोन वेगवेगळ्या मोजण्या दडलेल्या असतात. एका करड्या छटेवरून दुसऱ्या करड्या छटेवर जायला पिक्सेलला किती वेळ लागतो, ही एक मोजणी. तिला ‘ग्रे टू ग्रे’ म्हणतात. दुसरी एमपीआरटी, म्हणजे हलणारे चित्र डोळ्याला किती काळ एका जागी दिसत राहते त्याची मोजणी. दुसऱ्या मोजणीत १ मिलिसेकंद गाठण्यासाठी मॉनिटर मागचा दिवा झपाट्याने चालू-बंद करतो. हालचाल स्पष्ट दिसते हे खरे, पण पडदा मंद होतो, काहींना त्या लुकलुकीने डोके दुखते आणि बऱ्याच मॉनिटरवर ही सोय चालू केली की चित्राचा वेग गेमच्या वेगाशी जुळवून घेणारी ‘अॅडॅप्टिव्ह सिंक’ची सोय बंद होते. पहिल्या मोजणीतला १ मिलिसेकंदही बहुधा पिक्सेलला जोर देऊन छटा लवकर बदलायला लावणारी ‘ओव्हरड्राइव्ह’ची सोय सर्वांत वरच्या पायरीवर ठेवून मिळवलेला असतो. त्या पायरीवर हलत्या वस्तूंच्या मागे उलट रंगाची किनार दिसू लागते, म्हणून जाणकार खेळाडू ती मधल्या पायरीवर ठेवतात. म्हणजे ज्या आकड्याचे पैसे मोजले तो प्रत्यक्षात वापरताच येत नाही. मानके ठरवणाऱ्या ‘व्हेसा’ या संघटनेने २०२२ साली ‘क्लिअर एमआर’ नावाची वेगळी मोजणी आणली ती याच गोंधळावर उतारा म्हणून, पण या किमतीच्या खोक्यांवर ती मला क्वचितच दिसते.

रिफ्रेश रेटचा, म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते त्याचा, हर्ट्‌झमधला आकडा मात्र खरोखर कामाचा आहे, फक्त तो कुठे थांबवायचा हे कळले पाहिजे. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते तेव्हा एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते. १०० हर्ट्‌झवर १० मिलिसेकंद, १४४ हर्ट्‌झवर ६.९ आणि १८० हर्ट्‌झवर ५.६. म्हणजे ६० वरून १०० वर गेल्यावर पावणेसात मिलिसेकंदांची बचत होते, तर १४४ वरून १८० वर गेल्यावर सव्वा-दीड मिलिसेकंदाची. पहिला फरक माऊस हलवताच नवख्या माणसालाही दिसतो. दुसऱ्या फरकासाठी हजार-दोन हजार रुपये जास्त मोजण्यापेक्षा ते पैसे चांगल्या पॅनेलवर घालवावेत. ‘व्हॅलोरंट’सारखे गेम साध्या संगणकावरही वेगाने चालतात, त्यांच्यासाठी १४४ हर्ट्‌झचा उपयोग होतो. पण ज्याचा संगणक नव्या, जड गेममध्ये सेकंदाला पन्नास चित्रे काढतानाच धापा टाकतो, त्याला १८० हर्ट्‌झचा पडदा विकणे म्हणजे निव्वळ फसगत आहे. अशा ग्राहकासाठी ‘अॅडॅप्टिव्ह सिंक’ अधिक मोलाची, कारण संगणकाला चित्र तयार करायला उशीर झाला तर पडदा थांबून घेतो आणि चित्र मधोमध फाटल्यासारखे दिसत नाही. ग्राफिक्स कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडियानेही जानेवारी २०१९ पासून आपली कार्डे या खुल्या पद्धतीच्या मॉनिटरांवर चालू दिल्याने त्यासाठी आता वेगळा महाग मॉनिटर घ्यावा लागत नाही.

चित्रपटांचे या बाबतीतले गणित निराळे आहे आणि दुकानात ते कोणी सांगत नाही. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी चालतो आणि ६० ला २४ ने नि:शेष भाग जात नाही. त्यामुळे ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर एक चित्र तीनदा, पुढचे दोनदा असे आलटून-पालटून दाखवावे लागते आणि कॅमेरा संथपणे आडवा फिरतो तेव्हा दृश्य बारीक हिसके देत सरकते. १२० मध्ये २४ बरोबर पाच वेळा बसतात आणि १४४ मध्ये सहा वेळा. तेव्हा १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर चित्रपटालाही सोयीचा. १६५ किंवा १८० हर्ट्‌झचा घेतला असेल, तर चित्रपट पाहताना तो सेटिंगमधून १२० वर आणावा. तेवढा पर्याय त्यात बहुधा असतोच. १०० हर्ट्‌झवर २४ चित्रे नेमकी बसत नाहीत, पण हिसके ६० पेक्षा सौम्य असतात. शिवाय ज्या पाल पद्धतीवर आपले दूरदर्शन उभे राहिले तिच्यात सेकंदाला २५ चित्रे असतात, ती मात्र १०० मध्ये चपखल बसतात. जुन्या मालिका पाहणाऱ्यांना हा आकडा लाभतो म्हणायचा.

हे सगळे घरी आल्यावर प्रत्यक्षात उतरते का, हा पुढचा प्रश्न, आणि इथे चूक ना कंपनीची असते ना दुकानदाराची. नवा मॉनिटर जोडला की संगणक पुष्कळदा ६० हर्ट्‌झच धरून चालतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’, त्यात ‘डिस्प्ले’ आणि त्यात ‘अॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडून वेग हाताने निवडावा लागतो. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर वर्षभर ६० वर चालवणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांची त्याबद्दल तक्रारही नव्हती. दुसरी बाब केबलची. एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तीच्या पोर्टवर फुल एचडी, म्हणजे १९२० × १०८० पिक्सेलचे, चित्र साधारण १२० हर्ट्‌झपर्यंतच जाते, त्यामुळे काही मॉनिटरांत जाहिरातीतला पूर्ण वेग फक्त ‘डिस्प्ले पोर्ट’ या वेगळ्या जोडणीवर मिळतो, आणि खोक्यात केबल मात्र एचडीएमआयची असते. अगदी स्वस्त मॉनिटरांना अजून व्हीजीए पोर्ट दिसतो. ही जोडणी आयबीएमने १९८७ साली आणली. तिच्यातून आवाज जात नाही आणि कॉपीपासून संरक्षण देणारी एचडीसीपी व्यवस्थाही तिच्यात नाही, त्यामुळे पैसे भरून पाहायच्या चित्रपटसेवा अशा जोडणीवर पूर्ण दर्जा नाकारू शकतात. चित्र धुरकट, काळा रंग राखेसारखा वाटला, तर मॉनिटर परत करण्याआधी ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये रंगांचा पल्ला ‘लिमिटेड’ आहे की ‘फुल’, हे पाहून घ्यावे. उजळपणाच्या ० ते २५५ या पायऱ्यांऐवजी टीव्हीसाठी ठेवलेला १६ ते २३५ हा पल्ला एचडीएमआयवर कधीकधी मॉनिटरलाही लागू होतो.

आकाराच्या बाबतीत आपल्याकडे मोठे ते चांगले असा समज आहे आणि विक्रेते त्याला खतपाणी घालतात. २३.८ इंची फुल एचडी पडद्यावर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल येतात. तेच १९२० × १०८० पिक्सेल २७ इंचांवर पसरले की इंचाला ८२ उरतात. निरोगी डोळा एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतका बारीक तपशील वेगळा पाहू शकतो, असे धरतात. त्या हिशेबाने २३.८ इंचीवरचे पिक्सेल सुमारे ९४ सेंटिमीटरांच्या पलीकडून वेगळे दिसेनासे होतात आणि २७ इंचीवरचे सुमारे १०७ सेंटिमीटरांच्या पलीकडून. टेबलाशी खुर्ची ओढून बसणाऱ्याचे अंतर ६०-७० सेंटिमीटर असते. तिथून २७ इंची फुल एचडीवरची अक्षरे खरबरीत दिसतात आणि गेममधल्या तिरप्या रेषांना पायऱ्या दिसतात. पण तोच मॉनिटर कपाटावर ठेवून पलंगावरून, पाच-सहा फुटांवरून चित्रपट पाहायचे असतील, तर २७ इंच फुल एचडी अजिबात वाईट नाही. उलट २४ इंची तिथून लहान वाटेल. म्हणून मला कोणी ‘किती इंची घेऊ’ असे विचारले, तर मी आधी बसणार कुठे, हे विचारतो. २७ इंचांवर २५६० × १४४० पिक्सेल असतील तर टेबलाशीही चित्र बांधीव दिसते, मात्र मग संगणकाला २०,७३,६०० ऐवजी ३६,८६,४०० पिक्सेल रंगवावे लागतात, म्हणजे पावणेदोनपट काम. बेताच्या ग्राफिक्स कार्डाला ते झेपत नाही. चित्रपटाला त्याची अडचण नाही, गेमला आहे.

याच किमतीत ३२ इंची टीव्ही मिळतो, मग मॉनिटर कशाला, असा युक्तिवाद मध्यमवर्गीय घरांत हटकून होतो. त्यात थोडे तथ्यही आहे : टीव्हीला स्पीकर असतात, रिमोट असतो, चित्रपटसेवांची अॅप्स आत असतात. स्वस्त मॉनिटरला स्पीकर बहुधा नसतात आणि असले तरी त्यांचा आवाज पंख्याच्या घरघरीत हरवतो, त्यामुळे स्पीकरचे किंवा हेडफोनचे हजार-दीड हजार रुपये खर्चात वेगळे धरावे लागतात. पण दहा हजारांच्या आतबाहेरचे ३२ इंची टीव्ही बरेचदा ‘एचडी रेडी’, म्हणजे १३६६ × ७६८ पिक्सेलचे असतात. फुल एचडीच्या जेमतेम निम्मे पिक्सेल आणि पडदा दीडपटीहून मोठा. इंचाला पन्नासही पिक्सेल पडत नाहीत. टेबलावर ठेवून त्यावर मजकूर वाचणे ही शिक्षाच आहे. त्यातच टीव्ही येणाऱ्या चित्रावर आपले संस्कार करत बसतो, त्यामुळे कळ दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत उशीर होतो. ‘गेम मोड’ असला तर तो कमी होतो, पण या वर्गातल्या प्रत्येक टीव्हीत तो असतोच असे नाही. दुरून चित्रपट आणि क्रिकेटचे सामने एवढेच पाहायचे असेल, तर टीव्ही खुशाल घ्यावा. गेम आणि अभ्यास दोन्ही असेल, तर नको.

ज्यांच्याकडे संगणकाऐवजी गेमिंग कन्सोल आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, प्लेस्टेशन ५ ला १४४० ओळींचे चित्र देण्याची सोय सप्टेंबर २०२२ मध्ये मिळाली, त्यामुळे आता १४४० ओळींचा मॉनिटर त्याला वाया जात नाही; प्लेस्टेशन ४ साठी मात्र ६० हर्ट्‌झचा फुल एचडी पडदा पुरेसा आहे.

‘एचडीआर’, म्हणजे एकाच चित्रातले अतिउजळ आणि अतिगडद भाग ठसठशीत दाखवण्याची पद्धत, या तीन अक्षरांबद्दल मात्र मला थोडे कडक लिहावेसे वाटते. खोक्यावर ‘एचडीआर १० सपोर्ट’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ एवढाच की, तसा संकेत आला तर मॉनिटर तो स्वीकारतो. तो नीट दाखवतो, असा त्याचा अर्थ नाही. व्हेसाने डिसेंबर २०१७ मध्ये ‘डिस्प्ले एचडीआर’ ही प्रमाणपत्राची पद्धत सुरू केली, तिच्या सर्वांत खालच्या पायरीलाही ४०० निट्सची प्रखरता लागते. आपल्या किमतीतले बहुतेक मॉनिटर २५० ते ३०० निट्सवर थांबतात. त्यांत पडद्याचे भाग वेगवेगळे मंद-प्रखर करण्याचीही सोय नसते. अशा मॉनिटरवर एचडीआर चालू केले की चित्र बहुधा फिकट आणि निस्तेज दिसते आणि ग्राहक गोंधळून जातो. त्याला मी बंद करा एवढेच सांगतो. चित्रपटाचा दर्जा शेवटी येणाऱ्या चित्रावरही अवलंबून असतो : नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर उतरवले, तेव्हा १९९ रुपयांच्या योजनेत ४८० ओळी, ४९९ च्या योजनेत १०८० आणि ६४९ च्या योजनेत फोर-के अशी वाटणी होती. खालच्या योजनेवर राहून पडदा फोर-के घेण्यात हशील नाही.

रंगांचे प्रकरण थोडक्यात आटोपतो. ‘१ कोटी ६७ लाख रंग’ हे आठ बिटांचे साधे गणित आहे आणि ते जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असते. पाहायचे ते रंगपटाचे प्रमाण, म्हणजे एसआरजीबी किंवा एनटीएससी यांसारख्या मानकातल्या रंगांपैकी किती टक्के पडदा दाखवू शकतो ते. ‘एसआरजीबी ९९ टक्के’ लिहिले असेल तर उत्तम. ‘एनटीएससी ७२ टक्के’ म्हणजेही साधारण तेवढेच. पण ‘एनटीएससी ४५ टक्के’ असेल, तर लाल रंग विटकरी दिसणार हे गृहीत धरावे.

खरेदी कुठून करावी याबद्दल माझा कल दुकानाकडे आहे, पण आंधळेपणाने नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, एकाच फेरीत दहा दुकाने होतात आणि भाव खाली-वर करता येतो. अडचण अशी की, तिथे मॉनिटर प्रखर ट्यूबलाइटखाली, सर्वांत भडक सेटिंगवर आणि कंपनीने दिलेली फुलाफुलांची चित्रफीत लावून ठेवलेले असतात. त्या उजेडात आयपीएस आणि व्हीएमधला काळ्या रंगाचा फरक दिसणे अशक्य. आपल्या मोबाइलमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर एक रात्रीचे दृश्य आणि एक निखळ काळे चित्र घेऊन जावे, पडद्याची प्रखरता निम्म्यावर आणायला सांगावी आणि तळहातांचा आडोसा करून कोपऱ्यांकडे पाहावे. चांगला दुकानदार याला हरकत घेत नाही. मृत पिक्सेल तिथेच पांढऱ्या, काळ्या आणि लाल चित्रावर तपासून घ्यावेत, कारण वॉरंटीच्या अटींत एक-दोन मृत पिक्सेल दोष मानलेच जात नाहीत, अशी कलमे सर्रास असतात. संकेतस्थळावरून मागवायचा असेल, तर खोके उघडतानाचे चित्रण करून ठेवावे आणि परत घेण्याची मुदत मोजून ठेवावी. ‘जीएसटी कमी झाल्यामुळे स्वस्त’ असे कोणी २४ किंवा २७ इंची मॉनिटरबद्दल सांगत असेल, तर त्याला नम्रपणे आठवण करून द्यावी की, ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवरचा कर १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आले ते त्याहून मोठे पडदे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिले त्याकडे वळतो. वेष्टनबद्ध वस्तूंसाठीच्या २०११ च्या वैधमापन नियमांमुळे खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादक किंवा आयातदाराचा पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी क्रमांक मॉनिटर विजेच्या दृष्टीने सुरक्षित आहे याची ग्वाही देतो. पण पॅनेल आयपीएस आहे की व्हीए की टीएन, स्थिर काँट्रास्ट किती, नेहमीची प्रखरता किती निट्स, कोणत्या पोर्टवर कमाल किती हर्ट्‌झ मिळतात आणि तो ‘१ मिलिसेकंद’ कोणत्या मोजणीचा, हे छापण्याचे बंधन या दोहोंपैकी कशातही नाही. हे पाच तपशील किमतीच्या शेजारी, तेवढ्याच टायपात छापणे सक्तीचे करावे, अशी माझी ग्राहक व्यवहार मंत्रालयाकडे मागणी आहे. तोवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांचा आधार घेऊन गतिमान काँट्रास्ट आणि नावापुरते एचडीआर यांच्या जाहिरातींची तपासणी करता येईल. ग्राहकांनीही १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर अशा जाहिरातींची नोंद करावी. माझ्या पाहण्यात लोक तिथे मॉनिटर बिघडल्यावरच फोन करतात, जाहिरातीबद्दल करता येतो हे त्यांच्या गावीही नसते.

एक विनंती आपल्या दैनिकालाही आहे. सणाच्या पुरवण्यांत मॉनिटरच्या पानभर जाहिराती स्वीकारताना जाहिरात विभागाने निदान पॅनेलचा प्रकार आणि स्थिर काँट्रास्ट हे दोन तपशील जाहिरातदाराकडे मागावेत आणि ते मिळाले नाहीत तर ‘१ कोटीस १’ हा आकडा छापायला नकार द्यावा. पुरवणीतल्या तंत्रज्ञानाच्या सदरात मॉनिटरची ओळख करून देताना कंपनीचे पत्रक उतरवून न काढता, तो मॉनिटर रात्री दिवे मालवून लावून पाहिलेल्या माणसाकडून चार ओळी लिहवून घ्याव्यात.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, ठाणे